ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा कुठं गेली?

गणपती येऊन गेले, घटस्थापना तोंडावर आली. घर झाडायचे, गोधड्या धुऊन वाळत घालायचे हे दिवस. हात कामात असले तरी कान मोकळे असतात, म्हणून आज जरा सावकाश बोलू या.

बचत गटांच्या कामासाठी आम्ही पुण्याच्या कडेकडेच्या गावांतून फिरतो. आता गावं म्हणायचं ते सवयीनं. कागदावर ती गावं राहिलेली नाहीत, पुणे महानगरपालिकेचा भाग झाली आहेत. माणसं गाव सोडून शहरात जातात, हे आपण आजीच्या वेळेपासून ऐकत आलो. इथं उलटं झालं. माणसं आपापल्या उंबऱ्यात बसलेली होती आणि शहरच चालत दारात आलं. त्यातून काय मिळालं, काय गेलं, आणि गेलेलं परत मिळवायला आपण बायकांनी काय करायचं, याविषयी आज बोलायचं आहे.

आधी थोडा हिशेब सांगतो. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. तेव्हापासून शहराची हद्द वाढतच आली. आज ज्याला आपण शहराचा मध्यभाग समजतो, त्यातली कितीतरी नावं मुळात गावांचीच. कोथरूड हे गाव होतं, तिथं आजही म्हातोबाची जत्रा भरते. येरवडा, मुंढवा, हडपसर हीसुद्धा गावंच. १९९७ साली एकदम ३८ गावं घेतली. लोकांनी विरोध केला, तेव्हा २००१ मध्ये त्यातली काही पूर्ण आणि काही अर्धी परत वगळली. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली. त्यात धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगावचा उरलेला भाग, फुरसुंगी, उरुळी देवाची अशी गावं होती. आणि ३० जून २०२१ ला आणखी २३ गावं आली. वाघोली, मांजरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, बावधन, पिसोळी, जांभुळवाडी अशी मोठी यादी आहे. त्या दिवशी पुणे महानगरपालिका क्षेत्रफळानं राज्यातली सगळ्यात मोठी झाली, मुंबईपेक्षाही मोठी.

शहर असं गावं का घेतं? आम्हाला आधी वाटायचं, जमिनीसाठी आणि करासाठी. ते काही खोटं नाही, पण तेवढंच नाही. बघा, हद्दीबाहेरच्या गावात दहा-दहा मजली इमारती उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीकडं कर्मचारी किती? एक ग्रामसेवक, एक-दोन लिपिक, पाणी सोडणारा, झाडणारा. तेवढ्या माणसांनी हजारो फ्लॅटचं सांडपाणी कुठं न्यायचं, कचरा कुठं टाकायचा? सांडपाणी ओढ्यात सोडलं जातं, ओढा नदीला मिळतो, आणि नदी शहरातून वाहते. ओढ्याला गावाची शिव कळत नाही. २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याला रात्रीतून पूर आला आणि शहरातली माणसं, घरं, गाड्या वाहून गेल्या, ते तुम्हाला आठवत असेल. त्या ओढ्याचं पाणी येतं कात्रजच्या तलावांकडून, आणि त्याच्या वरच्या अंगाला भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर निंबाळकरवाडी ही गावं आहेत. वर डोंगर फोडला, नाला बुजवला, तर खाली शहरात पाणी घुसणार. म्हणून रस्ता, पाणी, ड्रेनेज, ओढे हे सगळं एका हाताखाली असावं, हे म्हणणं चुकीचं नाही. आमचा शहरात जाण्याला विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उलट, आम्हाला तर आनंदच झाला होता. खरं सांगायचं तर आमची पहिली चूक तिथंच झाली.

महानगरपालिकेची हद्द वाढवायची असेल तर राज्य सरकार आधी प्रारूप अधिसूचना काढतं. म्हणजे कच्चा मसुदा. त्यावर लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतं. २३ गावांसाठी हा मसुदा डिसेंबर २०२० मध्ये निघाला. तेव्हा करोनाचा काळ होता. कामं बसलेली, कर्जाचे हप्ते थकलेले, आमच्या गटांच्या बैठका अंगणात लांब लांब बसून चाललेल्या. त्या बैठकांत विषय निघाला, तर बहुतेकींचे चेहरे उजळले. "टँकर बंद होईल." "बस दारात येईल." "पोरीला स्थळ बघताना पुण्यात घर आहे म्हणून सांगता येईल." एक जुन्या सरपंचबाई होत्या, पाच वर्षं कारभार केलेल्या. त्या एकट्याच म्हणाल्या, "पोरींनो, पाणी येईल तेव्हा येईल. पण ग्रामपंचायत गेली की भांडायला जायचं कुठं, ते विचारून घ्या." आम्ही हसलो. सरपंचपद जातंय म्हणून बाई बोलतात, असं आम्हाला वाटलं. महिनाभर मुदत होती. आम्ही साधा एक कागद लिहिला नाही. हरकत नको होती तर नको, पण सूचना लिहिता आली असती. आधी पाण्याची लाइन, मग कर, एवढं तरी. आम्ही इतिवृत्तं लिहायला शिकलेल्या, ठराव लिहायला शिकलेल्या बायका. आणि वेळ आली तेव्हा गप्प बसलो.

मग ३० जून २०२१ उजाडला. त्या दिवशी या गावांच्या ग्रामपंचायती संपल्या. पाटी उतरली, दप्तर गोळा झालं. सरपंच, उपसरपंच, सदस्य सगळे माजी झाले.

आता यात बायकांचं काय गेलं, ते नीट मोजू या. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. लहानात लहान ग्रामपंचायतीत ७ सदस्य असतात, मोठीत १७. सगळ्यात कमी धरू. ७ सदस्य, त्यातल्या ४ बायका. काही वाड्यांची ग्रामपंचायत एकत्र असते, म्हणून २३ ऐवजी २० च धरू. तरी ८० बायका होतात. या ८० जणी गावातच राहणाऱ्या, हापशावर भेटणाऱ्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या. त्यांच्या दारात जाऊन "अगं, आमच्या आळीतला दिवा चार दिवस गेलाय" असं सांगता येत होतं. त्या सगळ्या एका दिवसात घरी बसल्या.

बरं, त्यांच्या जागी नगरसेवक आले का? तर तेही लगेच नाही. महानगरपालिकेच्या आधीच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडं होता. म्हणजे या २३ गावांनी सरपंच गमावला आणि नगरसेवक कितीतरी वर्षं बघितलाच नाही. चार वर्षं अशीच गेली. या चार वर्षांत रस्त्याचं, पाण्याचं, कराचं जे काही ठरलं, ते ठरवताना आमच्या गावांतून निवडून दिलेलं एकही माणूस त्या सभागृहात नव्हतं.

आणि ग्रामसभा. मैत्रिणींनो, ग्रामसभेला आपण फार नावं ठेवली. पुरुष बोलतात, बायका भिंतीला टेकून बसतात, शेवटी भांडणं होतात आणि सह्या घेऊन सभा संपते. हे खरंच होतं. पण कायद्यानं वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागत. आणि त्या प्रत्येक सभेच्या आधी महिला सभा घ्यायची, बायकांचे विषय तिथं ठरवायचे आणि ते ग्रामसभेत मांडायचे, हेसुद्धा कायद्यातच होतं. आमच्या भागात या महिला सभा सुरू व्हायला कितीतरी वर्षं लागली. पहिल्या सभेला सात जणी आल्या होत्या, त्यातल्या दोघी तर अंगणवाडीत पोरांना न्यायला आलेल्या. पुढं साठ-सत्तर जणी यायला लागल्या. दारूचं दुकान हलवायचा ठराव तिथं झाला. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी बसवायचा ठराव तिथं झाला. बारीकसारीक कामं, पण बायकांना मागायची सवय लागली. शहरात गेल्यावर ती सवय कुणी काढून घेतली नाही. पण जिथं मागायचं ती जागाच राहिली नाही.

सरपंचबाई म्हणाल्या होत्या, भांडायला जायचं कुठं. ते आम्हाला कळलं पाण्याच्या वेळी.

खडकवासल्याचं धरण ब्रिटिशांच्या काळातलं. पुणं त्याचं पाणी पितं. धरणाच्या भिंतीखालची नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं त्या पाण्याच्या अगदी काठावर आहेत. ती शहरात गेली, तेव्हा शहराचं शुद्ध पाणी त्यांना मिळणार, असंच कुणालाही वाटेल. पण मिळत होतं ते नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीचं पाणी. त्यात जंतुनाशक टाकून ते नळाला सोडलं जायचं. शुद्धीकरण केंद्रातून गाळून येणारं पाणी ते नव्हे. आणि मग २०२५ च्या जानेवारीत जीबीएस आजाराची साथ आली. पूर्ण नाव गुइलेन बारे सिंड्रोम. पोट बिघडण्याचं निमित्त होतं, आणि मग शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वास घेता येत नाही, व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही जण दगावले. सगळ्यात जास्त रुग्ण होते याच पट्ट्यात, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारे जंतू सापडले.

त्या दिवसांत आम्ही गटागटांत फिरलो. पाणी वीस मिनिटं खळखळून उकळा, पिंप घासा, कच्चं खाऊ नका, पायात मुंग्या आल्या तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा, हे सांगत. बायका ऐकत होत्या आणि एकच विचारत होत्या. "ताई, पाणी गढूळ येतंय हे आम्ही दिवाळीपासून बघतोय. पण सांगायचं कुणाला?" आमच्याकडं उत्तर नव्हतं. पूर्वी पाणी सोडणारा गावातलाच असायचा. त्याला वाटेत अडवून विचारता यायचं, नाहीतर त्याच्या आईला सांगता यायचं. आता टोल फ्री नंबर आहे, ॲप आहे. तक्रार नोंदवली की नंबर येतो, आणि थोड्या दिवसांनी "तक्रार निकाली" असा मेसेज येतो. पाणी मात्र तसंच.

हे फक्त पाण्याचं झालं. दुसरी गोष्ट कागदांची, आणि ती आपल्या बायकांच्या फार जवळची आहे.

गावात घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असायची. घरपट्टी त्यावरूनच लागायची. २००३ साली राज्य सरकारनं ठरवलं की गावातल्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचीही नावं लावायची. "घर दोघांचे" म्हणून ही मोहीम आपल्याला माहीत आहे. आमच्या एका गटातल्या मावशींचं नाव असंच लागलं होतं. त्यासाठी त्यांनी घरी दोन वर्षं अबोला सोसला होता. मालक गेल्यावर घराच्या कागदावर त्यांचं एकटीचं नाव राहिलं. गाव शहरात गेलं, घरांची नव्यानं मोजणी झाली, नवीन करआकारणी झाली, नवीन बिल आलं. मावशी ते बिल घेऊन शनिवारच्या बैठकीला आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. म्हणाल्या, "ताई, बघ गं जरा. यात माझं नाव कुठाय?" नाव नव्हतं. मोजणीला माणसं आली तेव्हा घरी थोरला मुलगा होता, त्यांनी त्याचंच नाव लिहून नेलं.

मुलगा वाईट नव्हता. तोही म्हणाला, "आई, काय फरक पडतो?" आता कराच्या बिलावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्याला खरेदीखत, वारसनोंद, मिळकतपत्रिका असे कागद लागतात. पण गावठाणातल्या कितीतरी घरांना नमुना ८ शिवाय दुसरा कागदच नसतो. उद्या बिल्डर आला, घर वाटणीला आलं, तर पहिल्यांदा बघितलं जातं ते हेच बिल. तिथं बाईचं नाव नसलं तर तिला आपण आहोत हे सिद्ध करत बसावं लागतं.

मावशींकडं नमुना ८ चा उतारा नव्हता. दप्तर तर केव्हाच हललं होतं. मग एकीला आठवलं. गटानं बँकेतून पहिलं कर्ज काढलं, तेव्हा सगळ्यांच्या घराच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स घेतल्या होत्या. गटाची पेटी उघडली. जुन्या पासबुकांखाली, कर्जाच्या रजिस्टरात दुमडलेली ती झेरॉक्स निघाली. ती घेऊन पाच जणी कार्यालयात गेल्या. पहिल्या दिवशी, हे टेबल नाही, ते टेबल. दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी आठ जणी गेल्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय उठल्याच नाहीत. पुढच्या वर्षीच्या बिलावर मावशींचं नाव आलं. त्यांनी ते बिल बैठकीत सगळ्यांना हातात धरून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता कर भरायला बरं वाटेल."

त्यानंतर आम्ही गटागटांत सगळ्यांची बिलं तपासायला लावली. अशी आणखी नावं गळालेली निघाली. काहींची दुरुस्त झाली, काहींची अजून चाललीत.

आमच्या स्वतःच्या कामाचंही असंच झालं. गावातले गट "उमेद" अभियानात होते. गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, अशी उतरंड होती. पण "उमेद" हे ग्रामीण अभियान. गाव शहरात गेलं की ते काम शहरी अभियानाकडं आणि महानगरपालिकेच्या समाज विकास विभागाकडं जातं. रोजगार हमीचं जॉब कार्डही ग्रामीण भागाचंच. घरकुलाची ग्रामीण योजना वेगळी, शहरी वेगळी. या बदलात काही गट गोंधळले, काही बंद पडले. "आता आपलं काही चालणार नाही" असं म्हणून पैसे वाटून मोकळे झाले. मैत्रिणींनो, असं करू नका. गटाचं बँक खातं तेच राहतं, बचत तीच राहते, बाईचा बाईवरचा विश्वासही तोच राहतो. फक्त नोंदणी नव्या ठिकाणी करून घ्यावी लागते.

गावांचे हाल किती प्रकारचे होतात, ते बघा. २३ गावं महानगरपालिकेत आली, पण त्यांचा विकास आराखडा करायचं काम सरकारनं पीएमआरडीएकडं दिलं. म्हणजे इमारतीची परवानगी एकाकडं आणि त्या इमारतीला पाणी द्यायची जबाबदारी दुसऱ्याकडं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. आणि फुरसुंगी, उरुळी देवाची? शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात पडला. २०१७ मध्ये त्यांना शहरात घेतलं. कर वाढला म्हणून ओरड झाली, तेव्हा २०२२ मध्ये वगळायचं ठरलं, आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत ग्रामपंचायत, महानगरपालिका, नगरपरिषद. तिथल्या बाईनं तेवढ्या वेळात किती कार्यालयांचे जिने चढले असतील!

आता म्हणाल, नुसतं रडगाणं गाऊ नका. काय मिळालं तेही सांगा. सांगतो. बसच्या फेऱ्या वाढल्या. महानगरपालिकेचे दवाखाने आपले झाले. शहरी गरीब योजनेत, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांना दवाखान्याच्या खर्चाला मदत मिळते. दहावी, बारावीला चांगले टक्के मिळवणाऱ्या मुलांना महानगरपालिका अर्थसाहाय्य देते, दहावीला १५ हजार आणि बारावीला २५ हजारांपर्यंत. आमच्या गटातल्या मुलींना ते मिळालं आहे. पण हे सगळं मिळतं ते विचारणाऱ्यालाच. गावात योजना आली की दवंडी पिटायचे, निदान ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागायचा. शहरात कागद लागतो कार्यालयाच्या फळ्यावर, आणि ते कार्यालय दोन बस बदलून गेल्यावर येतं.

"उमेद"च्या गटांना दशसूत्री पाठ असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. पुढं आरोग्य, शिक्षण, शासकीय योजना, उपजीविका. आणि त्यातलंच एक सूत्र आहे, पंचायत राज संस्थांमध्ये सहभाग. गाव शहरात गेल्यावर एका बैठकीत दशसूत्री म्हणताना एक तरुण सून थांबली आणि म्हणाली, "ताई, पंचायत तर गेली. मग आता हे सूत्र गाळायचं का?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या जुन्या सरपंचबाईच म्हणाल्या, "गाळायचं कशाला? पंचायत गेली म्हणून विचारायचं सोडायचं का?"

तेव्हापासून आम्ही जे करतो आहोत, ते तुम्हाला सांगतो. फार मोठं नाही.

पहिलं, महिला सभा आम्ही बंद केली नाही. ती आता कायद्याची राहिली नाही, पण बायकांनी एकत्र बसायला कायद्यानं कुठं मनाई केली आहे? पूर्वीच्याच चार तारखांच्या आसपास आम्ही मंदिराच्या सभामंडपात बसतो. विषय लिहितो, सह्या-अंगठे घेतो, आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतो. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, शिक्क्याचा कागद राहतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, आमच्या अर्जाचं काय झालं म्हणून. पाण्याच्या तक्रारीला तारीख आणि वेळ घालतो. बाटलीत पाणी भरून, वर चिठ्ठी चिकटवून दाखवायला नेतो.

दुसरं, कागद. नमुना ८ चा जुना उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, जन्ममृत्यूचे दाखले, विवाह नोंदणी, जे काही ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं असेल ते जपून ठेवा. दोन झेरॉक्स काढा. एक घरी, एक गटाच्या पेटीत. नवीन बिल आलं की नावं वाचा. वाचता येत नसेल तर बैठकीत वाचून घ्या. ज्यांची गावं अजून हद्दीबाहेर आहेत, त्या मैत्रिणींनी तर आजच उतारे काढून ठेवा. ग्रामपंचायत असेपर्यंत ते सोपं आहे, नंतर ते शोधावं लागतं.

तिसरं, शहराच्या कायद्यातही बसायच्या जागा आहेत, त्या मागा. महानगरपालिकेच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभा आणली गेली. ग्रामसभेचीच शहरातली बहीण म्हणा. पण कधी भरल्याचं आम्ही पाहिलं नाही. शिवाय पुण्यात २००६ पासून अर्थसंकल्पात नागरिकांचा सहभाग म्हणून पद्धत आहे. आपल्या भागातलं छोटं काम आपणच सुचवायचं, त्याचा अर्ज ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात भरायचा. दिवा, बाक, फुटपाथ, बसथांब्याचं छप्पर अशी कामं. आम्ही गेल्या वेळी अंगणवाडीकडं जाणाऱ्या बोळातले दिवे सुचवले होते. लागलेत.

आणि निवडणूक. सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या मे महिन्यात सांगितलं की स्थानिक संस्थांच्या रखडलेल्या निवडणुका घ्या. प्रभागरचनेचा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण शहरात ४१ प्रभाग, १६५ जागा. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानंसुद्धा एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर माणसं. आज प्रत्यक्षात कितीतरी जास्त. जिथं ८० बायका सदस्य होत्या, तिथं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच नगरसेविका. त्यासुद्धा आपल्याच वाडीच्या असतील असं नाही. म्हणून मत मागायला जी येईल, जो येईल, त्यांना एकच विचारा. "क्षेत्रसभा घेणार का? कुठं, कधी?" साडी, डबा, सहलीची गाडी यापेक्षा हे उत्तर महाग आहे.

या मसुद्यावरही हरकती मागवल्या होत्या. २०२० मध्ये आम्ही गप्प बसलो होतो. या वेळी तीन गावांतल्या गटांनी मिळून एक कागद लिहिला. एकाच पाण्याच्या टाकीवरच्या दोन वस्त्या दोन वेगळ्या प्रभागांत टाकू नका, एवढंच त्यात होतं. बावन्न सह्या आणि नऊ अंगठे. पहिली सही सरपंचबाईंनी केली. माजी सरपंच असं न लिहिता त्यांनी लिहिलं, "सदस्य, बचत गट." आमचं ऐकलं जाईल की नाही, ते तेव्हा माहीत नव्हतं. पण कागद आत गेला आहे आणि शिक्क्याची प्रत पेटीत आहे.

तर मैत्रिणींनो, या शनिवारच्या बैठकीला येताना नेहमीच्या पासबुकाबरोबर घराच्या कराचं बिल घेऊन या. नावं वाचू या. आणि घटस्थापनेच्या गडबडीतही पाणी उकळूनच प्या.